तळव्यातली गाठ

"उघडा दार, सायेब. आज तोंड लपवून भागायचं न्हाय."

सकाळचे सात वाजले असतील. मी दात घासत होतो. तसाच जाऊन कडी काढली. पायरीवर मालनमावशी उभी होती आणि तिच्या काखेत खापरी, तिची सगळ्यात मोठी, विटकरी रंगाची कोंबडी. मागे रस्त्यावर भोईटे वायरमन सायकल धरून थांबला होता. त्याच्या पलीकडे दोन दारांत बायका उभ्या होत्या.

मावशीनं कोंबडी खाली सोडली. खापरी दोन पावलं नीट चालली. मग उजवा पाय पोटाशी ओढून घेऊन एका पायावर उभी राहिली.

"काल काय म्हनला व्हता? एकेकीची तंगडी मोडून हातात देतो. दिलीत की! बोलल्याला जागलात."

"मावशी, मी तुमच्या कोंबडीला हात लावला नाही."

"मग काय माज्या हातनं मोडला?"

"मी हात लावला नाही," मी पुन्हा म्हणालो.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खापरीला उचलून पदराखाली घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजच जोत्याला पत्र टाकते. लष्करात हाय माझा ल्योक. तो इचारंल काय इचारायचं ते."

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली. मी पंचवीस वर्षांचा होतो. वर्ध्याकडचा मुलगा, सातारा जिल्ह्यातल्या डोंगरात कोंढरी धरणावर कनिष्ठ अभियंता म्हणून येऊन चार महिने झाले होते. धरणाच्या भिंतीखाली बारा क्वार्टरांची वसाहत होती. त्यातली निम्मी रिकामी. तालुका बावीस किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा यायची.

मालनमावशी, म्हणजे मालन शेडगे, माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. नवरा धरणावर खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मदतनीस, होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला लावून घेतलं होतं. रोज सकाळी आठला ती पाऊस मोजायची, मग धरणाच्या पट्टीवर जाऊन पाण्याची पातळी बघायची. मुसळधार पावसात इतर धरणांवर लोक अंदाजानं आकडा टाकत. मावशी इरलं घेऊन भिंतीवरून चालत जायची. एकदा मी तिला म्हणालो होतो, "कालच्यात दहा सेंटिमीटर मिळवा आणि लिहा, कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघते की."

तिच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. दिवसभर त्या सगळ्या वसाहतीत हिंडत. आदल्या दिवशी मी कालव्याच्या एका पुलाचा नकाशा पूर्ण केला होता. चार दिवसांचं काम. शाई वाळावी म्हणून तो ट्रेसिंग कागद व्हरांड्यात पसरून मी आत चहा करायला गेलो. बाहेर आलो तर खापरी आणि दोघीतिघी त्यावरून चिखलाच्या पायांनी फिरत होत्या. शाई ओढली गेली होती, एके ठिकाणी कागद फाटला होता. मी जो आरडाओरडा केला तो वसाहतभर ऐकू गेला. तंगडी मोडून हातात देण्याची भाषा त्यातलीच.

त्या सकाळनंतर वसाहतीत माझ्याशी कुणी धड बोलेना. भोईटे रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून रेडिओ ऐकायचा, तो यायचा बंद झाला. दुधाचं भांडं दारापर्यंत आणून देणारी बाई आता ते फाटकाशीच ठेवून जाऊ लागली. मुक्या जनावराचा पाय मोडणारा माणूस, असं माझं नाव झालं होतं.

दोन दिवसांनी आढावा बैठकीसाठी मला साताऱ्याला जावं लागलं. चार दिवस तिथेच राहिलो. परत आलो तो शनिवार होता. पिशवी खाली ठेवतोय तोच दारात मावशी.

"ढवळी अन् काजळी," ती म्हणाली. "दोगी लंगडल्या. ढवळी बुधवारी, काजळी काल."

माझा पाराच चढला. "आता हेही मीच केलं का? मी तर साताऱ्यात..."

"तेच सांगाया आले. तुमी साताऱ्यात व्हता. मग हे तुमी केलं न्हाय. अन् हे तुमी केलं न्हाय तर खापरीचंबी कशावरनं तुमी केलं?"

मला हायसं वाटलं. "मग चला, भोईट्यांना सांगा. सगळ्यांसमोर म्हणाला होतात, सगळ्यांसमोर सांगा."

"सांगनार. पन कशानं झालं ते घावल्याबिगर न्हाय. नुस्तं 'ह्यांनी न्हाय केलं' म्हनलं, तर लोक म्हनत्यात म्हातारी फिरली. अर्धी माफी काय कामाची?"

ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "तुमच्याकडं मोजायची टेप हाय न्हवं? उद्या तांबडं फुटायच्या येळी या खुराड्याशी."

मी गेलो. का गेलो, तर माझं नाव धुऊन निघावं म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

खुराडं मावशीच्या क्वार्टरच्या मागे होतं. असं खुराडं मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. मे महिन्यात मावशीचा मुलगा जोतिराम सुट्टीवर आला होता. त्याआधी उदमांजरानं तिच्या सहा कोंबड्या नेल्या होत्या. महिन्याची सुट्टी त्यानं हे खुराडं बांधण्यातच घालवली. लोखंडी अँगलचा सांगाडा, जाड जाळी, वर पत्रा, खाली काँक्रीट. आत कोंबड्यांना बसायला तीन लोखंडी नळ्या, एकीवर एक, सगळ्यात वरची माझ्या कपाळाइतकी उंच. वेल्डिंगचं मशीन तालुक्याहून भाड्यानं आणून त्यानं सगळं स्वतः जोडलं होतं. दारावर वेल्डिंगनंच अक्षरं काढली होती, 'मालन'. येईल त्याला मावशी ते खुराडं दाखवायची. तेव्हापासून उदमांजराला एकही कोंबडी मिळाली नव्हती.

आम्ही दोघं उपड्या घमेल्यांवर बसलो. गार वारा होता. मावशी हळू आवाजात बोलत होती.

"तीन दिस मी इचार करतेय, सायेब. लंगडल्या कोन ते समदे बघत्यात. न्हाय लंगडल्या त्या कोन, ते कुनी बघंना."

"कोण?"

"तुरेवाली न्हाय लंगडली. ती अंड्यावर बसलीया, अठरा दिस झालं, माज्या चुलीपाशी पाटीत हाय. पिचकी न्हाय लंगडली. ती अन् कोंबडा काय केल्या खुराड्यात जात न्हाईत, शेवग्यावर बसत्यात. बाकीच्या नऊ हितं झोपत्यात. अन् लंगडल्या त्या तिगीबी हितल्याच."

"म्हणजे रोग असेल. एकमेकींचा लागला असेल."

"दिवसभर समद्या एकाच उकिरड्यावर चरत्यात. रोग काय फकस्त झोपताना लागतो व्हय?"

उजाडलं. मावशीनं खुराड्याचं दार उघडलं पण कोंबड्यांना हाकललं नाही. पुन्हा येऊन बसली. आतली हालचाल सुरू झाली. वरच्या नळीवरची एक मोठी कोंबडी पुढे झुकली, पंख अर्धवट उघडले, पण जाळीला लागतात म्हणून मिटले, आणि ती तशीच खाली पडल्यासारखी उतरली. धप्. मग दुसरी. धप्. मग तिसरी. प्रत्येक वेळी मावशीचा चेहरा आक्रसत होता.

"पाच फूट दोन इंच," मी टेप लावून सांगितलं. "पण मावशी, शेवगा तर याहून उंच आहे."

"शेवग्याखाली उकिरडा हाय. गादीच म्हना. अन् पंख पसरायला जागा हाय." तिनं खाली बोट दाखवलं. "हितं काय हाय बघा."

मी खाली वाकलो. जोतिरामनं काँक्रीट ओतलं होतं, पण वरून गिलावा केला नव्हता. खडीची टोकं वर आली होती. पावसाळाभर त्यावर ओल धरली होती.

मावशीनं एक धडधाकट दिसणारी कोंबडी पकडली, टिकली नावाची. ती मुळीच लंगडत नव्हती. तिला मांडीवर उलटं धरून मावशीनं पाय पुसला. तळव्याच्या मधोमध चणाडाळीएवढी काळी खपली होती. भोवती सूज. मावशीनं बोट ठेवलं. "कढत लागतंय."

मग एकेक कोंबडी आम्ही पाहिली. मी धरायचो, ती पाय बघायची. आयुष्यात मी कोंबडी कधी हातात धरली नव्हती. पहिल्या दोघींनी माझे हात ओरबाडले. खपली सात जणींच्या तळव्याला होती. लंगडत होत्या तिघी, पण बाकीच्या चौघीही त्याच वाटेवर होत्या.

"पडून सूज येईल," मी म्हणालो. "पण खपली? खपली यायला आधी जखम लागते."

मावशी उठली, खुराड्यात वाकून शिरली आणि वरच्या नळीवरून तळहात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, सावकाश. मध्येच तिचा हात थांबला. तिनं तो बाहेर काढला. तळहातावर रक्ताची बारीक रेघ होती.

नळी दोन तुकड्यांची होती. जिथे जोडली होती तिथे वेल्डिंगचे दाणे तसेच राहिले होते, करवतीच्या दातांसारखे टोकदार. मधल्या नळीवरही तसंच. कोंबड्या संध्याकाळी जागेसाठी एकमेकींना ढकलत नळीवरून सरकत, तेव्हा तळवा ओरबाडत असणार. सकाळी तोच तळवा खडीवर आपटे. मग ओल, घाण.

मावशी हातावरचं रक्त पुसत नव्हती. नुसती बघत होती.

"घासायचं ऱ्हायलं त्याचं," ती म्हणाली. "कानस आनतो म्हनला व्हता. सुट्टी संपली."

मला मात्र आनंद लपवता येत नव्हता. "सापडलं ना मावशी! आता सांगा सगळ्यांना."

तिनं मान वर केली. "सांगनार. शब्द दिलाय. पन आदी पाय बरं करू. अन् जोत्याला आदी कळू दे. आईनं गावाला आदी सांगितलं अन् पोराला मागनं, असं मी करायची न्हाय. आजच दुसरं पत्र टाकते."

"आणि या नळ्या? आजच कापून टाकू."

"त्याच्या हातचं काम हाय. त्याला न इचारता मी तोडायची न्हाय. कोंबड्या तेवढ्या हितनं हालवते."

हलवायच्या कुठे, हा प्रश्न होता. तिची खोली एकच, त्यात चूल आणि तुरेवालीची पाटी. बाहेर उदमांजर. माझ्या क्वार्टरला दोन खोल्या होत्या, मागची रिकामी. मी "माझ्याकडे ठेवा" असं म्हणालो तेव्हा मावशीला आश्चर्य वाटलं. खरं तर मलाही वाटलं.

सोमवारी खापरीला पिशवीत घालून आम्ही दोघं एसटीनं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर एका म्हशीवर उपचार करत होते. त्यांनी पाय पाहिला, खुराड्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मावशीला विचारलं, "नळी कुणी शोधली?"

"आमी दोगांनी," मावशी म्हणाली.

"यांनी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी खापरीवर सगळं करून दाखवलं आणि बाकीच्या सहांचं तुमचं तुम्ही करा म्हणाले. मलम, आयोडीन, कापूस, पट्ट्या दिल्या. "आत गाठ असते. खपली नुसती वरून काढून भागत नाही, गाठ निघाली पाहिजे. आणि नंतर जमीन मऊ, कोरडी. नाहीतर पुन्हा होणार."

पुढचे आठ-दहा दिवस माझ्या मागच्या खोलीत जे चाललं ते मी घरी पत्रातही लिहिलं नव्हतं. जमिनीवर पोती, त्यावर भाताचा पेंढा. मावशी पातळी बघून आली की मी ऑफिसला जाण्याआधी आम्ही कामाला लागायचो. कोमट पाण्यात मीठ घालून घमेल्यात ओतायचं. मी कोंबडी टॉवेलात गुंडाळून, डोक्यावर टॉवेलचं टोक टाकून, तिचे पाय त्या पाण्यात धरून बसायचो. वीस मिनिटं. डोळ्यांवर अंधार आला की कोंबडी गप्प होते, हे मला मावशीनं शिकवलं. खपली मऊ झाली की मावशी ती अलगद उचलायची आणि कडेकडेनं दाबत आतली गाठ बाहेर काढायची. पिवळट, घट्ट, चक्क्यासारखी. कधी एका दमात निघायची, कधी तीन दिवस थोडी थोडी. मग आयोडीन, मलम, बोटांच्या मधून आठाच्या आकड्यासारखी पट्टी.

ती काम करताना बोलायची, पण माझ्याशी नाही, कोंबडीशी. "झालं बाय, झालं. एवडंच. माज्या पोरानं एवडं खपून केलं, अन् तुज्या पायाला लागलं. त्याला काय ठावं? त्याला वाटलं, आईच्या कोंबड्या सुखात ऱ्हातील." मी ऐकत बसायचो. पट्टी दर दुसऱ्या दिवशी बदलायची, ती एकदाही चुकली नाही.

काजळीची गाठ खोल, सांध्यापर्यंत गेलेली होती. ती वाचली नाही. मावशी त्या दिवशी जेवली नाही एवढं मला आठवतं. बाकीच्या सुधारत होत्या. खापरी सातव्या दिवशी पाय टेकू लागली.

वसाहतीला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. कोंबड्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि माझ्या बंद खिडकीतून त्यांचा आवाज यायचा. भोईटे जाता-येता माझ्या दाराकडे बघायचा.

जोतिराम आला तो रविवारच्या दुपारच्या एसटीनं. दिवाळीची सुट्टी मिळाली होती. मावशी त्या वेळी धरणाच्या भिंतीवर होती. वाटेतच भोईट्यानं त्याला गाठलं असावं, कारण तो आईच्या दाराशी न थांबता थेट माझ्याकडे आला. मी मागच्या खोलीत टिकलीची पट्टी सोडत होतो. दार नुसतं लोटलेलं होतं.

ते दार धाडकन उघडलं. खांद्यावर बॅग, अंगात हिरवा स्वेटर, उंच, मावशीसारखंच सरळ नाक. त्याची नजर पोत्यांवरून फिरली. पायांना पट्ट्या बांधलेल्या पाच कोंबड्या आणि सहावीची पट्टी हातात धरलेला मी.

"अजून भागलं न्हाय व्हय तुमचं?" तो म्हणाला.

"जोतिराम, थांबा, तुम्हाला दुसरं पत्र..."

"कसलं दुसरं? एकच पत्र आलं मला. आईनं रडत रडत लिवलेलं."

दुसरं पत्र त्याला मिळालंच नव्हतं. तो तिकडून निघाला आणि ते तिकडे पोचलं. त्यानं माझी कॉलर धरली आणि मला फरफटत व्हरांड्यात आणलं. भोईटे होता, बायका होत्या, पोरं जमली होती. कुणी पुढे झालं नाही. मी काहीतरी बोलत होतो, पण वेल्डिंग, नळी, तळवा असे शब्द माझ्या तोंडून सुटे सुटे पडत होते आणि त्याचा अर्थ कुणालाच लागत नव्हता.

"जोत्या! सोड त्यास्नी."

मावशी धावत आली होती. चप्पल कुठेतरी राहिली होती. तिला धाप लागली होती. जोतिरामनं हात सैल केला पण सोडला नाही.

"आई, तूच लिवलंस न्हवं?"

"मीच लिवलं. चुकून लिवलं." तिनं श्वास घेतला आणि भोईट्याकडे, मग बायकांकडे, मग पुन्हा मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल 'घरात चल, सांगते'. आत नेऊन, दार लावून सांगितलं असतं तरी माझी सुटका झालीच असती. पण ती तिथेच उभी राहिली.

"समदी ऐका. माज्या कोंबड्या लंगडल्या त्या ह्या सायबांमुळं न्हाय. मी ह्यांच्यावर आळ घेतला, त्यो खोटा व्हता. मी माफी मागते. कोंबड्या लंगडल्या त्या आपल्या खुराड्यामुळं. नळीला वेल्डिंगचं काटं ऱ्हायलं व्हतं, त्येनं तळवं फाटलं. नळी लई उंच हाय अन् खाली खडी हाय. जोत्या, तू केलंस त्यात ऱ्हायलं हे."

जोतिरामच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे जे आलं ते बघवत नव्हतं. सगळ्या वसाहतीनं वाखाणलेलं काम होतं ते. दारावर त्याच्या आईचं नाव होतं.

"माज्यामुळं?" तो म्हणाला.

"तुज्यामुळं. अन् माज्यामुळंबी. पाच महिने रोज दार उघडत व्हते, मला दिसलं न्हाय. हिकडं ये."

तिनं त्याचा हात धरून त्याला आत नेलं. टिकलीला उचलून त्याच्या हातात दिलं आणि तिचा पाय उलटा करून दाखवला. तो वाकून बघत राहिला. दणकट, काळवंडलेल्या बोटानं त्यानं तळव्याच्या कडेला स्पर्श केला. मग कोंबडी पेंढ्यावर ठेवली, अगदी अलगद, आणि मागच्या बाजूला खुराड्याकडे निघून गेला.

लोक पांगले. भोईटे माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सायेब, रेडिओचं सेल आनलंय नवं. सांजच्याला येऊ न्हवं?" मी मान हलवली.

मावशी आत पेंढा सारखा करत होती. मी दारात उभा होतो. आतापर्यंत मी एक गोष्ट सांगितलेली नाही. तुम्हाला नाही, तेव्हा तिलाही नाही. नकाशा फाटला त्या संध्याकाळी मी नुसता ओरडलो नव्हतो. सगळे आपापल्या घरात गेल्यावर खापरी पुन्हा व्हरांड्याकडे आली, तेव्हा मी एक दगड उचलून फेकला होता. तो तिला लागला. ती ओरडून पडली, उठली आणि पळाली. म्हणून तर मी सारखा म्हणत होतो, हात लावला नाही. हात लावला नव्हताच.

त्या दुपारी, तिनं सगळ्यांसमोर माझी माफी मागितल्यावर, मला ते पेलेना.

"मावशी," मी म्हणालो, "मी खापरीला दगड मारला होता. आदल्या दिवशी."

तिनं हातातला पेंढा खाली ठेवला नाही. "ठावं हाय."

"कसं?"

"दुसऱ्या दिशी तिच्या मांडीवर वळ व्हता. निळा. मी काय आंधळी हाय व्हय? तेवड्यानंच तर तुमच्या दारात आले."

"मग आज सगळ्यांसमोर माफी कशाला मागितली? सांगायचं होतं, यानं दगड मारलाय म्हणून."

"मांडीचा वळ चार दिसांत गेला, सायेब. लंगडनं गेलं न्हाय. ते तळव्याचं व्हतं." ती सरळ उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "जेवडं तुमचं, तेवडंच तुमच्या पदरात. तळव्याचा आळ मी घातला व्हता, त्यो मी काढला. दगडाचं मी काय सांगू? ते तुमी सांगायचं व्हतं."

मला तिचे मघाचे शब्द आठवले. 'ह्यांनी कोंबडीला काही केलं नाही' असं ती म्हणालीच नव्हती. लंगडल्या त्या ह्यांच्यामुळं नाही, एवढंच म्हणाली होती. धाप लागलेली, मुलगा समोर माझी कॉलर धरून उभा, आणि तिनं एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

"इतके दिवस तुम्ही माझ्याशेजारी बसून पट्ट्या बांधल्या," मी म्हणालो. "एकदाही बोलला नाहीत."

"तुमी धरायला शिकत व्हता," ती म्हणाली. "आता जोत्यालाबी सांगा. त्यानं कॉलर धरली म्हनून तो माफी मागंल तुमची. त्याच्या आदी सांगा."

मी मागच्या बाजूला गेलो. जोतिरामनं स्वेटर काढून जाळीला टांगला होता. कुठून तरी करवत मिळवून तो वरची नळी कापत होता. मधली आणि खालची कापून झाली होती. शेजारी शेवग्याला टेकून एक जुनी सागाची फळी उभी होती, चार बोटं रुंद, कडा गोल करायला घेतलेली. मला पाहून तो थांबला. काहीतरी म्हणण्यासाठी त्यानं तोंड उघडलं.

"आधी माझं ऐका," मी म्हणालो, आणि दगडाचं सांगितलं. सगळं. तो लागला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं, तेही.

जोतिराम ऐकत होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या करवतीकडे, मग अर्ध्या कापलेल्या नळीकडे. नळीवरचे ते दाणे उन्हात चमकत होते.

"किती लांबनं मारला?" त्यानं विचारलं.

"पंधरा-वीस फूट."

तो हुंकारला. मग करवत पुन्हा नळीवर टेकवली आणि मोकळ्या टोकाकडे मान केली.

"धरा तिकडनं," तो म्हणाला. "हालवू नका."